कुंडीतला गांजा आणि राज्यकर्त्यांची घाई

एखाद्या वनस्पतीस कायद्याने बंदिवान करणे सोपे असते. राजकीय लहर आली की तिला बंधमुक्त करणे त्याहूनही सोपे असते. कठीण असते ते बंधमुक्त केल्यानंतर तिच्याभोवती नियमांचे कुंपण उभारणे. आणि हे कुंपण पेरणीपूर्वी घालावयाचे असते, गुरे शेतात शिरल्यावर नव्हे. थायलंडच्या राज्यकर्त्यांना ही साधी गोष्ट उमगण्यास तीन वर्षे लागली. ९ जून २०२२ रोजी त्या देशाने गांजाचे झाड अमली पदार्थांच्या यादीतून वगळले आणि २६ जून २०२५ पासून गांजाची फुले वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. या दोन जून महिन्यांमधील कालखंडात त्या देशात जे घडले, ते गोमंतकीयांनी परक्या मुलखातील करमणूक म्हणून वाचून सोडून द्यावे असे नाही. समुद्रकिनारा, पर्यटन, उष्ण व दमट हवा आणि झटपट पैशाचा मोह या चारही बाबतींत तो देश आमचा शेजारी शोभावा असा आहे.

थायलंडमध्ये गांजा ही काही परदेशांतून आलेली नवलाई नव्हे. त्या भाषेतील 'कंचा' हा शब्द आपल्याच 'गांजा'चा भाऊबंद आहे. तेथील देशी वैद्यकात या झाडाला स्थान होते आणि काही भागांत रश्श्याला चव यावी म्हणून त्याची पाने घालण्याचीही चाल होती. १९७९ च्या अमली पदार्थ कायद्याने हे सारे गुन्ह्याच्या कक्षेत आणले. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये तेथील कायदेमंडळाने वैद्यकीय वापरापुरती गांजाला परवानगी दिली. आग्नेय आशियात असे पाऊल टाकणारा तो पहिला देश ठरला. येथवरचा प्रवास सावध होता आणि त्यावर कोणी फारसा आक्षेप घेण्याचे कारण नव्हते.

सावधपणा संपला तो मतपेटीजवळ. मार्च २०१९ च्या निवडणुकीत बुरीराम या प्रांतात पाळेमुळे असलेल्या भूमजायथाई पक्षाने प्रत्येक घराला गांजाची सहा झाडे लावू देण्याचे आश्वासन दिले. भात, ऊस व रबर यांच्या पडत्या भावांनी गांजलेल्या ग्रामीण मतदाराला ते गोड वाटले यात नवल नाही. त्या पक्षाचे नेते अनुतिन चार्नविराकूल आरोग्यमंत्री झाले आणि त्यांनी आपला शब्द पाळण्याचा चंग बांधला. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी राजपत्रात अधिसूचना निघाली. ती १२० दिवसांनी अमलात यावयाची होती. या मधल्या काळात संसदेने नियंत्रणाचा कायदा करावा अशी अपेक्षा होती. कायदा झाला नाही. तारीख मात्र उजाडली. आरोग्यमंत्र्यांनी दहा लाख रोपे फुकट वाटण्याची घोषणा केली. घरी झाड लावणाराने सरकारी ॲपवर नाव नोंदवावे, एवढीच अट राहिली आणि नोंदणीसाठी लोकांची झुंबड उडाली. गांजाच्या गुन्ह्यांखाली शिक्षा भोगणारे तीन हजारांहून अधिक कैदी तुरुंगातून सोडण्यात आले. मंत्रिमहोदयांचा आग्रह मात्र हाच होता की, ही परवानगी औषधासाठी आहे, नशेसाठी नव्हे.

यामागे आणखी एक कारण होते आणि त्याचा उच्चार उघडपणे कमी होत असे. २०१९ साली थायलंडला सुमारे चार कोटी विदेशी पर्यटक आले होते. महामारीमुळे २०२१ मध्ये ही संख्या साडेचार लाखांच्याही आत आली. हॉटेले ओस पडली, बाजार बसला. अशा वेळी पर्यटकांना ओढून आणील असे काहीही राज्यकर्त्यांना हवेच होते. शेतकऱ्याचे कल्याण, रुग्णाचे औषध आणि पर्यटकाची चैन या तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच कुंडीत लावण्यात आल्या. त्यांपैकी कोणती तरारेल आणि कोणती कोमेजेल, हे ओळखण्यासाठी ज्योतिषाची गरज नव्हती.

प्रथम त्या कुंडीचाच विचार करू. फुकट मिळालेले रोप अंगणात ठेवले, रोज पाणी घातले की चार महिन्यांत पैसे मोजावयास बसावे, असे चित्र लोकांपुढे उभे करण्यात आले होते. पी हळद नि हो गोरी म्हणतात ते असे! गांजाचे झाड रानात माजते हे खरे. हिमालयाच्या पायथ्याशी ते रस्त्याच्या कडेला तणासारखे उगवते. परंतु रानातले झाड उगवणे वेगळे आणि बाजारात खपेल, औषध म्हणून चालेल असे फूल त्यावर धरणे वेगळे. हे झाड दिवसाची लांबी ओळखून वागते. दिवस मोठे असतात तोवर ते वाढते. रात्री लांबल्या की फुलोऱ्यावर येते. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्याचे दिवस पंधरा-सोळा तासांचे असतात, त्यामुळे तेथील वाणांना वाढावयास अवधी मिळतो. बँकॉकला वर्षातील सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्याही किंचित आतच असतो. तेथे उत्तरेकडील वाणाचे रोप वीतभर वाढते न वाढते तोच फुलावयास लागते. उष्ण कटिबंधातील मूळ वाण उंच होतात खरे, पण त्यांना फुलावयास कितीतरी अधिक काळ लागतो आणि तोवर पावसाळा दारात उभा असतो.

त्यातही कुंडी ही उन्हाळ्यात झाडाची वैरीण ठरू शकते. जमिनीत मुळे खोल जाऊन गारवा शोधतात. कुंडीत त्यांना पळावयास वाट नसते. काळ्या प्लास्टिकची कुंडी वैशाखातल्या उन्हात तापली की आतली मातीही तापते आणि मुळे होरपळतात. पान मलूल दिसले की नवखा माणूस आणखी पाणी ओततो. पाण्याने माती चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही आणि उन्हातून वाचलेले रोप पाण्याने मरते. पारा पस्तीस अंशांवर गेला की झाड वाढावयाचे थांबून नुसते तग धरून राहते. पुढे दमट हवेत फुलांच्या घट्ट गेंदात बुरशी शिरते. ती बाहेरून दिसत नाही आणि आतून सारे नासवते. शिवाय या झाडात नर आणि मादी वेगळे असतात. बियांतून आलेली निम्मी रोपे नर निघतात आणि शेजारच्या अंगणातला एक नर फुलला की वाऱ्याबरोबर आलेल्या परागाने माद्यांची फुले बियांनी भरून त्यांची किंमत जाते. मातीतील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेण्याचा गुणही या झाडात आहे. तेव्हा रस्त्याकडेच्या धुळीत किंवा कारखान्याजवळच्या मातीत वाढवलेले फूल 'औषध' म्हणून रुग्णाच्या हाती देणे म्हणजे वैद्यकाची थट्टाच होय.

म्हणजे सरकारने गरिबाला दिले ते रोप. पीक दिले नाही. पीक कोणाच्या हाती गेले? ज्यांच्यापाशी बंद खोल्या, वातानुकूलन यंत्रे, अठरा-अठरा तास जळणारे दिवे आणि परदेशी वाण विकत घेण्याइतके भांडवल होते, त्यांच्या हाती. बँकॉक, पट्टाया, फुकेत येथील पर्यटकांच्या वस्त्यांतून हिरव्या पानाच्या पाट्या लावलेली दुकाने उगवली. २०२५ पर्यंत नोंदणीकृत दुकानांची संख्या १८ हजारांच्या घरात गेली होती. या दुकानांत इसान भागातील शेतकऱ्याच्या अंगणातला माल क्वचितच दिसे. अमेरिकेहून चोरट्या मार्गाने आलेला गांजाही बाजारात ओतला जाऊ लागला आणि उत्पादन भरमसाट वाढल्याने भाव कोसळले. कर्ज काढून मांडव घालणारे छोटे उत्पादक हवालदिल झाले. ज्या घरगुती कुंडीच्या नावाने हे सारे घडविण्यात आले, ती कुंडी या व्यापारात कोठेच नव्हती. निवडणुकीच्या फलकावर शेतकरी आणि गल्ल्यावर भांडवलदार, हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे काय?

कायद्याच्या पोकळीने या गोंधळात भरच घातली. झाडापासून काढलेल्या अर्कात ०.२ टक्क्यांहून अधिक मादक द्रव्य असले तर तो अमली पदार्थ. पण ज्यापासून तो अर्क काढावयाचा, ते कितीतरी पटींनी तीव्र फूल मात्र मोकळे! सार्वजनिक जागी गांजा ओढणाराला पकडावयाचे तर तो 'उपद्रव' ठरवून आरोग्य कायद्याखाली, २५ हजार बाट दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची भीती दाखवून. आठवडाभरातच बँकॉकच्या रुग्णालयांत अतिसेवनाचे रुग्ण आल्याचे वृत्त आले आणि महापालिकेला आपल्या शाळा गांजामुक्त क्षेत्र म्हणून जाहीर कराव्या लागल्या. वीस वर्षांखालील व्यक्ती, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांना विक्री करू नये, असे नियम घाईघाईने मागाहून जोडण्यात आले. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण थाई भाषेत असेल-नसेल; अनुभव मात्र तेथे पुरेपूर आला.

पुढील तीन वर्षे हा प्रश्न वैद्यांच्या वा शास्त्रज्ञांच्या हाती न राहता पक्षांच्या साठमारीत सापडला. नियंत्रणाचे विधेयक २०२३ च्या निवडणुकीपूर्वी संसदेत रखडून बारगळले. पंतप्रधान स्रेत्था थाविसिन यांनी मे २०२४ मध्ये गांजा पुन्हा अमली ठरवू म्हणून सांगितले आणि दोन महिन्यांत सहकारी पक्षाच्या दडपणाखाली माघार घेतली. जून २०२५ मध्ये भूमजायथाई पक्ष सत्तारूढ आघाडीतून बाहेर पडला आणि अवघ्या आठवड्याभरात आरोग्यमंत्री सोमसाक थेपसुथिन यांनी वैद्यकीय चिठ्ठीचा आदेश काढला! तीन वर्षे जी गोष्ट 'अभ्यासाधीन' होती, ती एका पक्षाने पाठ फिरविताच निर्णयाधीन झाली. दुकानदाराने प्रमाणित शेतातूनच माल घ्यावा, अशी अटही आता आहे. म्हणजे अंगणातल्या कुंडीचा बाजाराशी उरलासुरला संबंधही तुटला. आणि नियतीचा उपरोध असा की, ज्यांनी दहा लाख रोपे वाटण्याचा घाट घातला, ते अनुतिन सप्टेंबर २०२५ मध्ये त्या देशाचे पंतप्रधान झाले. रोपे वाळली, रोपे वाटणाराची कारकीर्द मात्र बहरली.

यावरून घरगुती लागवडीची परवानगी देणे हेच मुळात पाप, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही उतावळेपणा होईल. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस घरी तीन झाडे लावण्याची मुभा दिली. पण दुकाने उघडू दिली नाहीत. माल्टा हा तर गोमंतकाहून कितीतरी लहान आणि आमच्यासारखाच पर्यटनावर जगणारा द्वीपदेश. त्याने डिसेंबर २०२१ मध्ये प्रत्येक घरामागे चार झाडे मान्य केली. परंतु ती बाहेरून दिसता कामा नयेत, ही अट घातली आणि वाटपासाठी नफा न कमावणाऱ्या, सदस्यसंख्या मर्यादित असलेल्या संस्थांचीच वाट ठेवली. हे देश बरोबर की चूक, याचा निवाडा काळ करील. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते क्रमाकडे. तेथे मर्यादा आधी ठरली आणि मोकळीक मागून आली; व्यापाराला दारातच अडविण्यात आले. थायलंडमध्ये मोकळीक आधी आली, व्यापार तिच्या पाठोपाठ शिरला आणि मर्यादा सर्वांत शेवटी धापा टाकीत पोहोचली.

आता गोमंतकाकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये औषधी उपयोगासाठी गोव्यात गांजाची नियंत्रित लागवड करण्याचा एक प्रस्ताव चर्चेत आला. जम्मू येथील केंद्रीय संशोधन संस्थेचे नाव त्याच्याशी जोडलेले होते. राज्याच्या कायदा खात्याने तो तपासला, हे उघड होताच विरोधी पक्षांनी गदारोळ केला आणि वर्ष सरता सरता मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना शासन अशी परवानगी देणार नाही असे जाहीर करावे लागले. प्रस्ताव गेला, परंतु तो जसा आला तसाच गेला, म्हणजे कोणालाही नीट न कळता. लागवड कोठे, किती, कोणाच्या देखरेखीखाली, उत्पादन कोणी घ्यावयाचे, याची चर्चा विधानसभेत व्हावयास हवी होती. ती न होता फायलींच्या कुजबुजीतून विषय आला आणि निवेदनांच्या आरडाओरड्यात विरला. अशा रीतीने गेलेली गोष्ट पुन्हा त्याच मागील दाराने परत येते, हा अनुभव गोमंतकीयांना नवा नाही.

दरम्यान, कुंडीतला गांजा गोव्यात येण्यासाठी कोणा मंत्र्याच्या घोषणेची वाट पाहत थांबलेला नाही. बार्देश व पेडणे तालुक्यांतील किनारी गावांत भाड्याच्या घरात, गच्चीवर किंवा माडांच्या आडोशाला कुंड्यांतून वाढविलेली रोपे पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत. पकडलेल्यांत कधी विदेशी नागरिक असतो, कधी परप्रांतातून आलेला सुशिक्षित तरुण. 'दोन झाडे माझ्यापुरती लावली, त्यात कोणाचे काय गेले?' अशी त्यांची भावना असते. या भाबडेपणाला आमचा कायदा मुळीच दाद देत नाही, हे त्यांना ठाऊक नसते आणि त्यांना घर देणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनाही ठाऊक नसते.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची रचना या बाबतीत मोठी विलक्षण आहे. त्यात 'गांजा' म्हणजे झाडाची फुले वा फळे धरलेली शेंडे-तुरे. त्यांच्याविना असलेली नुसती पाने आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच उत्तर हिंदुस्थानात पानांची भांग परवान्याने विकली जाते. विसाव्या कलमानुसार एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' गणला जातो आणि तो बाळगणाऱ्यास फार तर एक वर्षाची शिक्षा होऊ शकते. त्याच कलमाखाली विनापरवाना लागवडीस मात्र दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि तेथे झाडांच्या संख्येचा विचारच नाही. एक कुंडी असो की एक एकर, कलम तेच. म्हणजे अर्धा किलो गांजा विकत घेऊन खिशात घालणारा आणि दलालाचे पोट भरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने किरकोळ. आणि एक रोप लावून दलालाला दूर ठेवणारा मात्र दहा वर्षांच्या शिक्षेस पात्र! शिक्षा किती द्यावी हे न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेले आहे ही गोष्ट खरी. परंतु खटला उभा राहून तो विवेक जागृत होईपर्यंत त्या तरुणाची वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात जातात.

घरमालकांनी तर हा कायदा विशेष काळजीपूर्वक समजून घ्यावयास हवा. आपल्या जागेत असा गुन्हा होत असल्याचे माहीत असून तो होऊ देणारा मालक पंचविसाव्या कलमाखाली स्वतः गुन्हेगार ठरतो. शेहेचाळिसाव्या कलमानुसार आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड झाली असल्यास ती माहिती ताबडतोब पोलिसांना देणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, आणि सत्तेचाळिसाव्या कलमाने हेच कर्तव्य पंच, सरपंच व इतर ग्रामाधिकारी यांच्यावरही टाकले आहे. वडिलोपार्जित घर सहा महिन्यांच्या भाड्याने देऊन मुंबईस वा आखातात राहणाऱ्या किती मालकांना याची कल्पना आहे? अकरा महिन्यांचा करार आणि आगाऊ रक्कम हाती पडली की मागील अंगणात काय उगवते आहे हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. ज्या अंगणात तुळशीवृंदावन उभे आहे, त्याच्याच मागे भांगेचे रोप वाढावे आणि घरातील माणसाला ते पोलीस पंचनाम्यातून कळावे, ही नामुष्की आहे.

इतिहासाकडे पाहिले तर आपल्या देशाने या प्रश्नाचा विचार अधिक शांत डोक्याने केला होता असे दिसते. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या प्रश्नावर एक आयोग नेमला. त्याने देशभर साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये निष्कर्ष दिला तो असा की, मर्यादित सेवनाने सर्वसाधारणपणे मोठी हानी होत नाही, अतिरेक मात्र घातक आहे. आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना, कर व देखरेख हाच मार्ग बरा. त्या काळी बंगालमध्ये नौगाव आणि मध्य प्रांतात खांडवा अशा ठराविक टापूंतच परवान्याने लागवड होत असे आणि माल सरकारी गुदामातून जाई. ब्रिटिशांचा हेतू महसुलाचा होता, हे आम्ही विसरलेलो नाही. त्या काळातल्या गांजाहून आजचे वाण कितीतरी अधिक तीव्र आहेत, हेही विसरता कामा नये. तरीपण लागवड कोठे व्हावी, माल कोणाच्या हातून जावा, हे ठरविल्याविना दार उघडावयाचे नाही, एवढे शहाणपण त्या व्यवस्थेत निश्चित होते.

आजही १९८५ च्या कायद्याने हे दार पूर्णपणे बंद केलेले नाही. दहाव्या कलमाने राज्यांना लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार आहे आणि चौदाव्या कलमाने धागा, बी वा उद्यानविद्येसाठी लागवडीची सोय आहे. उत्तराखंडने २०१८ पासून कमी मादकतेच्या औद्योगिक भांगेला परवाने देण्यास प्रारंभ केला. हिमाचल प्रदेशने जानेवारी २०२५ मध्ये दोन कृषी विद्यापीठांकडून प्रायोगिक अभ्यास करून घेण्यास मान्यता दिली. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने इतर पिकांना भाव नाही, तेव्हा गांजा लावू द्या, असा अर्जच जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. पोलिसांनी त्यास प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले. आम्हांस त्यात एक कडवट प्रश्न दिसतो. तो शेतकरी गांजा मागत नव्हता, आपल्या घामाला भाव मागत होता. त्या मागणीचे उत्तर गांजा असू शकत नाही, हेच तर थायलंडने दाखवून दिले आहे. तेथे भाव कोसळावयास दोन वर्षेही लागली नाहीत. आणि हिमालयातील प्रयोगांचे दाखले देऊन कोकणपट्टीत धाग्याची भांग पिकविण्याची स्वप्ने पाहणारांनी दिवसाच्या लांबीचे गणित आधी मांडावे. थंड प्रदेशातील वाण आपल्याकडे उंच होण्याआधीच फुलून जातील आणि हाती धागा नव्हे, आखूड काड्या येतील.

थायलंडच्या घाईची झळ तर आता थेट आपल्या दारापर्यंत आली आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात दडविलेला, बंद खोल्यांत पाण्यावर वाढविलेला तीव्र गांजा मुंबई, बंगळूर आणि अन्य विमानतळांवर वारंवार पकडला जात आहे. मार्च २०२५ मध्ये बार्देशातील गिरी येथे पोलिसांनी अशा प्रकारचा अकरा किलोंहून अधिक गांजा जप्त केला आणि त्याची किंमत अकरा कोटींहून अधिक सांगितली. म्हणजे किलोला एक कोटी! अंगणातल्या कुंडीमागे धावणाऱ्या यंत्रणेने या आकड्याकडे नीट पाहावे. खरा व्यापार मातीत उगवत नाही. तो सामान वाहून नेण्याच्या पट्ट्यावरून उतरतो, भाड्याच्या मोटारीतून जातो आणि किनाऱ्यावरील रात्रीच्या मैफलींत फुटकळ विकला जातो.

यासाठी काय करावे? आमच्या मते, पर्यटनवृद्धीच्या नावाखाली गांजाला मोकळीक देण्याची कल्पना गोव्याने कायमची सोडून द्यावी. साठ-सत्तरच्या दशकांत हणजुण्याच्या किनाऱ्यावर जो पायंडा पडला, त्याची किंमत आमची गावे अद्याप मोजीत आहेत. तिच्यावर सरकारी मोहोर उमटविण्याचे कारण नाही. औषधाची गोष्ट वेगळी आहे. कर्करोगाच्या उपचारांनी येणारी मळमळ, काही दुर्धर प्रकारची बालवयातील अपस्मारे आणि विशिष्ट मज्जाविकारांतील स्नायूंचा ताठरपणा यांवर या वनस्पतीतील द्रव्यांचा उपयोग होतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. तद्वतच कोवळ्या वयातील सेवनाने बुद्धी व मन यांस अपाय होतो, हेही त्याच शास्त्राने सांगितले आहे. तेव्हा औषधासाठी लागवड करावयाचीच असेल तर ती संशोधन संस्थेच्या बंद आवारात, प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली, विधानसभेत उघड चर्चा करून व्हावी. अंगणातल्या कुंडीला औषधशाळा म्हणणे हा रुग्णांशी केलेला खेळ आहे.

दुसरे असे की, केंद्राने विसाव्या कलमातील लागवडीच्या तरतुदीचा फेरविचार करावा. दोन रोपे आणि दोन एकर यांत भेद करण्याचे साधे तारतम्य कायद्यात असावयास हवे. व्यसनाधीन माणसाने स्वेच्छेने उपचार पत्करल्यास खटल्यातून सूट देण्याची तरतूद याच कायद्याच्या चौसष्टाव्या-अ कलमात आहे. तीच दृष्टी येथेही लावता येईल. कायदा सौम्य करा असे आमचे म्हणणे नाही; तो प्रमाणशीर करा, एवढेच आमचे म्हणणे आहे. अप्रमाण कायद्याचा धाक बड्यांना वाटत नाही. तो केवळ अजाण पोरांना आणि त्यांच्या आईबापांना भोवतो, आणि मध्ये तडजोडी करणाऱ्यांची दुकाने चालवितो. तिसरे म्हणजे पंचायतींनी भाडेकरूंची नोंद कागदावर न ठेवता प्रत्यक्ष करावी आणि घरमालकांना त्यांच्या कायदेशीर जबाबदारीची जाणीव मराठी-कोंकणीतून करून द्यावी. ग्रामसभेत हा विषय एकदा तरी निघावयास हवा.

मोकळीक द्यावी की बंदी ठेवावी, या वादात दोन्ही बाजूंना पुरतील इतकी कारणे सापडतील आणि तो वाद चालूच राहील. थायलंडचा धडा त्याच्याही आधीचा आहे. ज्या शासनाला एक नियम करून तो पाळून घेता येत नाही, त्याने जुना नियम मोडण्याची घाई करू नये. दुकानांच्या वेळा, ध्वनिक्षेपकांची मर्यादा, किनाऱ्यावरील बांधकामांची रेषा हे साधे नियम ज्या राज्यात रोज पायदळी तुडविले जातात, तेथे गांजाची झाडे मोजून चारच ठेवली जातील, यावर कोण विश्वास ठेवील? आधी ते नियम पाळून दाखवा. मग या विषयावर बोलण्याचा अधिकार शासनास प्राप्त होईल.